उकळून गाळलेलं पाणी

१ फेब्रुवारी. दुपार.

ही डायरी मागच्या वर्षीची. जावईबापूंच्या टेबलाच्या खणात कोरीच्या कोरी पडून होती, म्हटलं, वाया कशाला जाऊ द्यायची. तारखा ठीक आहेत, वार तेवढे चुकलेत. वारावर रेघ मारली की काम झालं. मी चौथी पास आहे. जोडाक्षरं जरा अंदाजाने येतात, पण वाचणार कोण? मीच.

आनंदाची बातमी. माझ्या नातीला विमान चालवायचं लायसन्स मिळालं! लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचे, अजून तेच म्हणते. विमान घरचंच आहे. छोटंसं, दोन सीटचं, जुनं. जावईबापूंनी आणि इंजिनचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी मिळून दुरुस्त केलं. जावईबापू स्वतः उडत नाहीत, त्यांना शिडीवर चढलं तरी गरगरतं.

दोन सीट म्हणजे एक भिंगरीची आणि एक माझी. "आजी, पहिली तूच," असं ती सगळ्यांदेखत बोलली. विहीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. विहीणबाई म्हणजे जावईबापूंच्या आई. घर तसं त्यांचंच. मी लेकीकडे आठ दिवस म्हणून आले होते, ते आठ दिवस अजून संपायचेत.

पण घाई करायला हवी. वीस तारखेला भिंगरी नोकरीला लांबच्या गावी चालली, आणि त्याच दिवशी विमान विकत घेणारा ट्रक घेऊन येणार. म्हणजे काय ते वीसच्या आत. नाहीतर जन्मभर मान वर करूनच विमान बघायचं.

३ फेब्रुवारी.

आज नवीनच कळलं. हल्ली पेट्रोलमध्ये दारू घालतात. मला वाटायचं, फक्त माणसंच पितात.

मोटारीला ती चालते, पण आपल्या विमानाला नाही. जावईबापू म्हणाले, दारू रबराच्या नळ्या खाते आणि वर हवेतलं पाणी ओढून घेते. मी म्हटलं, त्यात काय नवल, दारू आली की पाणी मागते हे कुणालाही माहीत आहे. जावईबापू हसले. ते सहसा माझ्या बोलण्याला हसत नाहीत, म्हणून लिहून ठेवलं.

बिनदारूचं पेट्रोल एकाच पंपावर मिळतं, तोही हायवेला, लांब. जावईबापू स्कूटरवरून डबे आणतात आणि घरामागच्या शेडमध्ये ठेवतात. प्रत्येक डबा तपासावा लागतो. काचेच्या नळीत रेघेपर्यंत पाणी, त्यावर पेट्रोल. तोंडावर अंगठा ठेवून हलवायचं आणि उभी ठेवायची. पेट्रोल वर, पाणी खाली. पाणी रेघेवरच राहिलं तर पेट्रोल चांगलं. पाणी रेघेच्या वर चढलेलं दिसलं, तर समजायचं की दारू खाली उतरून पाण्यात मिसळली.

एकदा सांगितलं आणि मला समजलं. विहीणबाईंना दोनदा सांगूनही समजलं नाही. त्या मॅट्रिक आहेत.

ठरवलं. आजपासून तपासणी माझ्याकडे. जावईबापूही म्हणाले, "बघा हं, जबाबदारीचं काम आहे." म्हटलं, बापू, मी चार मुलांचं दूध आयुष्यभर तपासून घेतलं, मला पेट्रोलवाला काय फसवणार.

४ फेब्रुवारी. सकाळ.

पहिली तपासणी. रेघ जागच्या जागी. पास!

नळीत मी नळाचं पाणी घालत नाही. उकळून, गार करून, फडक्याने गाळून घेतलेलं पाणी घालते. काम करायचं तर नीट करायचं.

तपासून झाल्यावर प्रश्न आला, नळीतल्याचं काय करायचं? जावईबापू म्हणे मागच्या मातीत ओततात. शिव शिव. एवढं महागाचं पेट्रोल मातीत! मी सरळ डब्यात परत ओतलं. खालचं पाणीही गेलं थोडं त्याच्याबरोबर, पण चमचाभर पाण्याने डब्याला काय सर्दी होणार आहे? थेंबे थेंबे तळे साचे.

६ फेब्रुवारी.

पेट्रोलचा काही भरवसा नसतो. सकाळी गोड बोलणारा माणूस संध्याकाळी कसा बदलतो? म्हणून आता दोन वेळा तपासते, सकाळी आणि दिवे लागायच्या आत. सगळे डबे. रोज पास.

रविवारी उड्डाण! तयारी चालू. वर गेल्यावर करायच्या गोष्टी ठरवल्या. आधी आपलं घर शोधायचं. मग गल्ली. गल्लीतल्या सगळ्यांना गच्चीवर उभं राहायला सांगितलंय. शिंपीणबाई लाल चादर हलवणार आहे. विहीणबाईंना म्हटलं, तुम्हीही या गच्चीवर, मी हात करीन. त्या म्हणाल्या, "मला गुडघ्यामुळे जिना जमत नाही." गुडघा कसला, नाकाला मिरच्या झोंबल्यात.

शिंपीणबाईने विचारलं, भीती नाही वाटत? म्हटलं, भीती कसली, पेट्रोल मी स्वतः बघते.

८ फेब्रुवारी. रविवार. (छापलाय शनिवार.)

उडालो नाही.

विमान असतं त्या मैदानावर सगळे वेळेवर पोहोचले. भिंगरीने पंखाखालची चावी दाबून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढलं. उडायच्या आधी हे रोज करतात म्हणे. पेट्रोलपेक्षा पाणी जड, त्यामुळे टाकीत पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि आधी पेल्यात येतं. पेल्याच्या तळाशी गोल गोल मणी लोळत होते. पाणी!

भिंगरी म्हणाली, "आज नको." मी म्हटलं, अगं, एवढुसं तर आहे. तशी मिस्त्री म्हणाले, "आजी, इंजिन पाणी पीत नाही. घोटभर गेलं की बंदच पडतं. आणि वर गेल्यावर रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नाही." त्यांनी पाणी निघेपर्यंत टाकी सोडून दिली. आता ज्या दिवशी सकाळी पेला स्वच्छ निघेल, त्या दिवशी उड्डाण.

पाणी आलं कुठून? मिस्त्री म्हणाले, पहाटेचं दव. टाकीचं झाकण जुनं झालंय. मला पटलं. झाकणच.

शिंपीणबाई उन्हं डोक्यावर येईपर्यंत गच्चीवर चादर हलवत होती म्हणे.

९ फेब्रुवारी.

माझी तपासणी कमी पडली असणार. ठरवलं, तपासणी वाढवायची.

एवढ्याशा नळीत काय दिसणार? विहीणबाईंची बिस्किटांची काचेची बरणी चांगली उंच आणि पारदर्शक आहे. बिस्किटं डब्यात काढून ठेवली आणि बरणी घेतली. तिच्यावर लेकीच्या नेलपॉलिशने रेघ मारली. रेघेपर्यंत पाणी (उकळून गाळलेलं), वर पेट्रोल. झाकण लावलं, दोन्ही हातांनी घुसळलं. आता लांबूनही दिसतं. मग सगळं परत ज्याच्या त्याच्या डब्यात. थेंब सांडला नाही.

दंड दुखतात. पण नातीच्या जिवाचा प्रश्न आहे.

१० फेब्रुवारी.

विहीणबाईंनी बरणीवरून घर डोक्यावर घेतलं. "माझ्या बरणीला रॉकेलचा वास!" म्हटलं, रॉकेल नाही, पेट्रोल. ते उत्तर त्यांना आवडलं नाही.

पण भांडता भांडता माझी नजर गेली. विहीणबाई रोज संध्याकाळी शेडच्या भिंतीलगतच्या कुंड्यांना पाणी घालतात. झारीने. भरपूर. आणि आपण पाणी शोधत फिरतोय! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

लगेच बोलले नाही. आधी खात्री करायची.

११ फेब्रुवारी.

झारी लपवली.

१२ फेब्रुवारी.

झारी नसून पाणी आलं. जास्त आलं. पेल्याचा खालचा भाग सगळा पाणी, आणि मधे कशी स्वच्छ रेघ. मला पुन्हा मैदानावरून तसंच परत यावं लागलं. शिंपीणबाईला आधी कळवायचं राहिलं.

म्हणजे विहीणबाई नाहीत. वाईट वाटलं. (झारी परत ठेवली.)

मग मी जावईबापूंना स्पष्ट सांगितलं, पंपवाला पाणी मिसळतो. रोज दोनदा तपासणारी मी, माझ्या हातून डबे निघतात तेव्हा दारू नसते, मग पाणी येतं कुठून? जावईबापू तावातावाने पंपावर गेले. पंपवाल्यांनी त्यांच्यासमोर टाकीतून पेट्रोल काढलं आणि बाटलीत धरलं. पाण्याचा टिपूस नाही. मग चार माणसांत म्हणाले, "साहेब, पाणी तुमच्या घरचं असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? आता दुसरा पंप बघा."

उलट्या बोंबा. आमच्या घरचं पाणी म्हणे! आमच्या घरी पाणी उकळून गाळतात.

मधेच मनात येऊन गेलं की मीही थोडं पाणी घालतेच. पण ते तपासणीचं. ते वेगळं.

१३ फेब्रुवारी. संध्याकाळ.

विजय!

जावईबापूंनी नाइलाजाने गावातल्या पंपावरून डबा आणला. मी घुसळला. आणि काय सांगू, पाणी रेघेच्या वर दोन बोटं चढलं! दारू! मी ओरडले तशी लेक हातातली भांडी टाकून धावत आली, तिला वाटलं, पडलेच.

भिंगरीने स्वतः नळीत करून बघितलं. तेच. मला मिठी मारून म्हणाली, "आजी, हे विमानात गेलं असतं तर वाट लागली असती." मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले. विहीणबाईंनाही "हो, आहे नजर" असं म्हणावं लागलं. दाताखाली खडा आल्यासारखं म्हणाल्या, पण म्हणाल्या.

तो डबा बाजूला ठेवला. आता पंचाईत अशी की चांगल्या पेट्रोलचा फक्त अर्धा डबा उरलाय आणि चांगला पंप रुसलाय. भिंगरी अर्ध्या जेवणातून उठली.

काळजी नको. आजी आहे.

१४ फेब्रुवारी.

आज जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. उडून आल्यावर सगळ्यांसमोर सांगणार.

सकाळी डोकं चाललं. तपासणीत काय होतं? दारू पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. मग थोड्या पाण्यात थोडी उतरते, तर बादलीभर पाण्यात सगळी उतरेल की नाही? कपड्यांचा मळ निघतो, मग पेट्रोलचा का नाही निघणार?

म्हणून पेट्रोल धुतलं. घरात कुणी नसताना मागच्या अंगणात दारूच्या डब्यात बादलीभर पाणी ओतलं, लाटण्याने ढवळलं आणि डबा निवळत ठेवला. मग वरचं वरचं पेट्रोल वाटीने काढून चांगल्या डब्यात भरलं. साय काढतात तसं. शेवटी शेवटी लेक यायची वेळ झाली म्हणून जरा घाई झाली, वाटी खोल गेली असेल थोडी. पण बरणीत तपासलं आणि रेघ हलली नाही! दारूचं नाव नाही. बरणीतलं नेहमीसारखं डब्यात परत.

संध्याकाळी जावईबापू टाकी भरायला डबा न्यायला आले. म्हणाले, "अरे, मला वाटलं अर्धाच उरलाय." मी नुसती हसले. "तपासलंत ना?" म्हटलं, रेघ जागेवर. बिनधास्त न्या.

लाटणं बदलायला हवं.

१५ फेब्रुवारी. रविवार.

सगळं लिहिते, म्हणजे डोकं शांत होईल.

सकाळी मैदानावर भिंगरीने पेला भरला. उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत काचेसारखा स्वच्छ. मणी नाही, रेघ नाही, काही नाही. मिस्त्री म्हणाले, "वा!" जावईबापूंनी टाळी वाजवली. मला पंखावर पाय ठेवून आत चढवलं. पट्टा बांधला. मोठ्या कानटोप्या लावल्या, त्यातून आपलाच श्वास ऐकू येतो. मी गल्लीची दिशा विचारून घेतली.

भिंगरी अजून पंखाखालीच. पेला ओतून टाकता टाकता थांबली. नाकाशी नेला. मग त्यातलं तळहातावर घेतलं आणि बघत राहिली. मी काचेवर टकटक केली, म्हटलं, चल की गं, शिंपीणबाईचे हात दुखतील.

तिने दार उघडलं. एवढंच म्हणाली, "आजी, उतर."

सगळा पेला पाणी होता. तळाशी पाणी आणि वर पेट्रोल असतं तर मधे रेघ दिसली असती. सगळंच पाणी, तर रेघ दिसणार कुठून? पेट्रोल हातावर उडून जातं, गार लागतं, वास मारतं. हे तसंच ओलं राहिलं. मिस्त्रींनी पुन्हा पेला भरला. पाणी. आणखी एकदा भरला. पाणी. मिस्त्री हळूच म्हणाले, "थेंब थेंब करत टाकीत तळं साचलंय."

भिंगरी म्हणाली, इंजिनच्या नळीत राहिलेल्या पेट्रोलवर ते सुरू झालं असतं. जमीन सोडेपर्यंत चाललं असतं. झाडांच्या वर गेलो असतो, आणि मग बंद.

घरी येताना तिने माझा हात सोडला नाही. घट्ट धरला होता, बोटं दुखत होती. मी तो सोडवून घेतला नाही. हे माझं मलाच नवल वाटलं.

कुणीतरी माझ्या नातीच्या जिवावर उठलंय. दुपारी चहा पिताना ठरवलं. आता पहारा. त्याला पकडल्याशिवाय मी विमानात बसायची नाही.

१६ फेब्रुवारी.

पहारा. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. एक मांजर आलं. विहीणबाई येऊन चहा ठेवून गेल्या, कप घेऊन गेल्या. त्यांच्यावर लक्ष होतं.

डबे दोनदाऐवजी तीनदा तपासले. काळच तसा आहे.

१७ फेब्रुवारी. संध्याकाळ.

आज भिंगरीही पहाऱ्याला बसली, माझ्या शेजारी, उपड्या डब्यावर. बरं वाटलं. नोकरीचं बोलली, खोलीचं बोलली. तिकडे जेवणाचं कसं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आजी, तू पत्र लिही. कसंही लिही."

दिवे लागायची वेळ झाली, तशी म्हटलं, थांब, तपासणी उरकते. बरणी घेतली. रेघेपर्यंत पाणी. पेट्रोल. घुसळलं. रेघ जागेवर. तिला दाखवलं. "छान," म्हणाली. मग मी बरणी डब्यात रिकामी केली.

ती उठून उभी राहिली. म्हणाली, "आजी, हे काय केलंस?"

म्हटलं, काय केलं? परत ओतलं. वाया थोडंच घालवायचं?

"पाण्यासकट?"

म्हटलं, थोडं जातं गं. स्वच्छ असतं. उकळून गाळलेलं.

"रोज?"

आधी दोनदा, आता तीनदा. तुझ्यासाठी काही कमी केलं नाही, बाळा.

ती पुन्हा खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलत होते. मला कळेना, हसतेय की रडतेय. विचारलं तर म्हणाली, "दोन्ही." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. माझ्या कष्टांचं तिला वाईट वाटलं असणार. त्या भरात मी पेट्रोल धुतल्याचंही सांगून टाकलं. त्यावर ती उठून बसली.

मग घरात जाऊन सगळ्यांना म्हणाली, "सापडलं. टाकीच्या झाकणातून येत होतं." मिस्त्री म्हणाले, "एवढं?" ती म्हणाली, "एवढं."

पहिल्या दिवसापासून मी झाकणच म्हणत होते! पण मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मोठ्या माणसाने असं करू नये. फक्त जेवताना दोनदा म्हटलं.

झोपायच्या आधी भिंगरीने मला एक रिकामा डबा आणून दिला, तांबड्या झाकणाचा. म्हणाली, "तपासलेलं सगळं यात टाकायचं. आणि यातलं विमानात कधीही, कधीही घालायचं नाही. शपथ?" म्हटलं, शपथ. त्यात काय एवढं.

१८ फेब्रुवारी.

मिस्त्रींनी विमान पार रिकामं केलं. टाकी, नळ्या, सगळं फुंकून फुंकून वाळवलं. निघालेलं पेट्रोल-पाणी तांबड्या झाकणाच्या डब्यात. काठोकाठ भरला.

हायवेच्या पंपवाल्यांना समजवायला विहीणबाई गेल्या. ते कधीकाळी यांच्या शेजारी राहायचे म्हणे. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या बाई स्कूटरच्या मागे बसून गेल्या! एक डबा मिळाला. तेही "माई, तुमच्यासाठी म्हणून" असं बोलून. दुसरा लागला तर या म्हणाले.

माझी तपासणी नव्या नळीत. पास. नळी तांबड्या डब्यात रिकामी केली. थेंबाथेंबाला जीव तुटतो.

१९ फेब्रुवारी.

पेला स्वच्छ. वास पेट्रोलचा, हात गार. मी स्वतः हुंगलं.

पण मिस्त्री अडून बसले. एवढी साफसफाई झाल्यावर पहिल्यांदा पायलटने एकटंच उडायचं, दुसरं माणूस बसवायचं नाही. बराच वेळ चक्कर मारून बघायची. भिंगरी म्हणाली, "आजी, उद्या सकाळी तू. ट्रक यायच्या आत." म्हटलं, उद्या तर उद्या.

ती उडाली. आधी खडखडत पळाली, मग एकदम आवाजच बदलला आणि चाकं सुटली. मी बघतच राहिले. केवढीशी दिसायला लागली. एवढं मोठं आभाळ आणि ती त्यात एवढीशी. विहीणबाई माझ्या बाजूलाच होत्या. त्यांनी माझा दंड पकडला, की मी त्यांचा पकडला, नक्की आठवत नाही. खाली येईपर्यंत सोडला नाही. मग सोडला.

पेट्रोल संपत आलं. हरकत नाही, उद्या पहाटे जावईबापू स्कूटरवरून हायवेला जाऊन ताजं आणणार.

संध्याकाळी शेड आवरली. तो तांबड्या झाकणाचा भरलेला डबा. उद्या विमान जाणार, मग हे इतकं पेट्रोल कोण वापरणार? भिंगरी म्हणाली होती, विमानात घालायचं नाही. शपथ घेतलीय, मोडायची नाही. पण स्कूटरचं ती काही बोलली नव्हती.

टाकी झाकणापर्यंत भरून ठेवली. जावईबापूंना पहाटे लांब जायचंय, बिचारे किती करतात. खूश होतील.

शिंपीणबाईला निरोप दिलाय. चादर धुऊन ठेवलीय म्हणाली.

२० फेब्रुवारी.

स्कूटर बंद पडली. हायवेला पोहोचायच्या आधीच, ना इकडे ना तिकडे. जावईबापू ढकलत परत आले, रिकामा डबा हँडलला लटकवलेला. घामाने निथळत होते. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, जुनी झालीय हो, विकून टाका.

तोवर मैदानावर ट्रक येऊन उभा राहिला. पेट्रोल नाही. भिंगरीची बस दुपारची. मिस्त्री म्हणाले, "काय करणार."

मी म्हटलं, जाऊ दे. तसंही आज वारा आहे. वर गार लागलं असतं, माझा खोकला. आणि गल्ली काय, रोजच बघते. असं म्हणून मी वळले, तेव्हा भिंगरीने मला दंडाला धरून पंखावर चढवलं. "बस." म्हटलं, अगं, पेट्रोल? म्हणाली, "बस तर."

पट्टा बांधला. कानटोप्या लावल्या. तीही शेजारी बसली. आणि मग मिस्त्री एका पंखाला, जावईबापू दुसऱ्या पंखाला, लेक शेपटीला, आणि शेपटीच्या दुसऱ्या बाजूला, खरं सांगते, विहीणबाई. गुडघ्यासकट. चौघांनी ढकलत विमान त्याच्या मैदानावरच्या शेडपासून ट्रकपर्यंत नेलं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंगरी दांडा धरून समोर बघत होती, तोंडाने इंजिनचा आवाज काढत होती, लहानपणी खुर्ची उपडी करून काढायची तसा. मी काच सरकवली. वारा चांगला लागत होता. विहीणबाईंना हात केला. त्या म्हणाल्या, "हात आत घ्या, जड होतंय."

उतरल्यावर भिंगरीने विचारलं, "आजी, कसं वाटलं?"

म्हटलं, छान. पण फारच खालून चालवलंस.